वाचता येईल अशी एक रेघ

अक्का, तुमच्या दिवसांचं जेवण चाललं होतं आणि मी पानावरून लवकर उठून तुमच्या स्वयंपाकघरात गेलो. ओट्याखाली मोठं पातेलं होतं, वर ताट झाकलेलं. रेणुका आत आली, माझ्याकडे पाहिलं आणि ताट उचललं. पीठ काठाला आलं होतं, वर बारीक जाळी धरली होती.

"उद्याच्या डोशाचं," ती म्हणाली. "घरात पीठ कधी संपू द्यायचं न्हाय, असं सांगून गेल्यात सासूबाई."

सोलापूरच्या पूर्वभागातलं तुमचं घर, विणकरांचं, तेलुगू बोलणारं. त्या घरात नऊ वर्षं पीठ आंबलं नव्हतं. इडली नाही, डोसा नाही. नातवंडांनी हट्ट केला की गाड्यावरून आणायचं. शेजारणी विचारायच्या, आणि तुम्ही सांगायचात की पोटाला सोसत नाही. खरं कारण दोघांनाच माहीत आहे असं तुम्हाला वाटायचं, तुम्हाला आणि मला. पण त्या कारणाच्या मागचं कारण मला एकट्याला माहीत होतं. ते मी तुम्हाला गेल्या महिन्यात सांगितलं. आता लिहून ठेवतो. बोलणं मला कधी जमलं नाही, हे तुमच्याइतकं कुणाला ठाऊक आहे?

आपली प्रयोगशाळा डाळिंबाची आणि केळीची. एका रोपाचे शेंडे कापून बाटल्यांत त्याचीच हजार रोपं करायची आणि सांगोल्यापासून पार कर्नाटकात पाठवायची. त्यातल्या एका बंद पडलेल्या खोलीत तुम्ही कुटकी आणलीत. बर्फाखाली झोपणारी, हिमालयातली बारा हजार फुटांवरची वनस्पती, आणि तिला वाढवायला निवडलं सोलापूर. साहेब हसले होते. गेटवरचा वॉचमन तर मला रोज विचारायचा, "काय बसू, आज बरफ पडलं का न्हाय खोलीत?" तुम्ही त्याला एकदा मेच्या दुपारी आत नेऊन पंधरा अंशांत दहा मिनिटं उभं केलंत. बाहेर येऊन तो म्हणाला, "अक्का, चादर तरी द्यायची की." चादर तुमच्याकडे होतीच, तुमच्या सासऱ्यांच्या मागावरची. बाहेर डांबर पायाला चिकटायचं आणि आत तुम्ही ती चादर खांद्यावरून घेऊन बाटल्या मोजत बसायचात.

पहाडातले एक काका बी आणि मुळं पाठवायचे. त्यांच्या कुरणांत लोक कुटकी मुळासकट उपटून नेत होते, औषधाला. आपण इथे रोपं करायची, ती त्यांनी तिकडे लावायची, एवढा साधा व्यवहार. पहिली पुडी आली तेव्हा तुम्ही मला वाळक्या मुळाचा एक धागा चघळायला दिलात. जीभ दुपारपर्यंत कडू. तुम्ही म्हणालात, "ज्याचं काम करायचं त्याची चव माहीत पाहिजे."

मी वळसंगचा, बारावीला दोनदा आपटलेला, बाटल्या धुवायला म्हणून लागलेला माणूस. सूक्ष्मदर्शकात बघायला मला तुम्ही शिकवलंत. एक डोळा मिटायचा नाही, दोन्ही उघडे ठेवायचे. आधी भिंग खाली आणायचं ते बाजूने बघत, मग वर उचलत नेमकं करायचं. पहिल्यांदा कांद्याची साल दिसली तेव्हा मी ओरडलो होतो आणि तुम्ही खुशीत "तम्मुडू" म्हणाला होतात. धाकटा भाऊ. तो शब्द पुढे तुम्ही जितक्यांदा वापरलात, तितक्यांदा तो मला टोचला.

आपलं भांडण एकच होतं, बी की बाटली. ते शेवटपर्यंत मिटलं नाही.

"बी म्हंजे लॉटरी हाय, अक्का. शंभर टाका, धा उगवत्यात. त्यातलं पाच मरत्यात."

"आणि तुझी बाटली म्हणजे झेरॉक्स."

"झेरॉक्स चांगली असती की. हजार काढा, हजार सारख्या."

"अय्यो, तेच तर रडते मी! एकाला खोकला आला की हजारांना येणार."

बियांचा तुम्हाला लळा होता. खसखशीपेक्षा बारीक, काळपट, शिंकलं तर उडून जाणारं बी. ते तुम्ही ओल्या कागदात गुंडाळून डबीत घालायचात आणि डबी फ्रिजमध्ये, आठवड्यांमागून आठवडे. त्याला वाटलं पाहिजे की हिवाळा झाला, म्हणायचात. मग रात्रभर झोपलेलं बी जागं करणाऱ्या जिबरेलिकच्या पाण्यात, मग काचेच्या ताटलीत. दोन वर्षं काहीच आलं नाही. तिसऱ्या वर्षी अकरा रोपं आली. अकरा! तुम्ही प्रत्येकीला नाव दिलंत. लालबुडी, उशिरा आलेली, रुंद पानाची. एक तर वाकडीच उगवली होती, चमच्यासारखी दोनच पानं, तिला लंगडी. मी हसलो की म्हणायचात, "माणसं एका आईच्या पोटची असून सारखी नसतात, ही तर अकरा बिया आहेत."

त्या अकरांच्या वेळी आपलं भांडण थोडं सुटलं होतं. मी म्हणालो, बियांची रोपं तुमची, आता त्यांचे शेंडे माझ्या बाटलीत द्या. प्रत्येकीची शंभर-शंभर करतो. अकरा आया, अकराशे लेकरं, सगळी एका साच्याची नाहीत. तुम्ही दोन दिवस विचार केलात आणि हो म्हणालात. लंगडी फार लहान होती, तिला सोडलं. दहा जणींचे शेंडे तुम्ही स्वतः कापलेत, स्वतः धुतलेत, स्वतः बाटल्यांत लावलेत.

ज्या पाण्यात धुतलेत, ते निर्जंतुक मी केलेलं होतं.

आदल्या दिवशी ऑटोक्लेव्ह माझ्याकडे होता. मोठा प्रेशर कुकरच तो. आतलं पाणी उकळलं की वाफेबरोबर आतली हवा दहा मिनिटं बाहेर जाऊ द्यायची आणि मगच झडप लावायची. आधी लावली तर हवा आत अडकते. दाबाचा काटा बरोबर पंधरावर जाऊन उभा राहतो, पण आत पाहिजे तेवढा ताप चढत नाही. काटा बघणाऱ्याला सगळं ठीक वाटतं. हे मला तुम्हीच सांगितलं होतं, पहिल्याच आठवड्यात.

त्या दिवशी दुधनीला चुलतभावाचा साखरपुडा होता. दोनची बस. मी मिनिटभर वाफ सोडली आणि झडप लावली. पंगतीला वेळेवर पोचलो. शेंगापोळी होती, तूप गरम होतं. काय काय जेवलो ते अजून आठवतं, याची लाज वाटते.

चौथ्या दिवशी तुम्ही बाटल्या उचलून उजेडाला धरल्यात. प्रत्येक शेंड्याच्या बुडाशी दुधाळ कडं. एका ओळीत, दुसऱ्या ओळीत, सगळ्या फडताळावर. तुम्ही स्टुलावर बसलात. बराच वेळ तुम्ही बाटल्यांकडे बघतच नव्हतात, स्वतःच्या नखांकडे बघत होतात.

"बसू, हे माझंच. सकाळी पीठ हातानं कालवलं होतं. कितीही स्पिरिट लावलं तरी नखात राहिलं असणार. यीस्ट आहे हे."

तुम्ही एक बाटली माझ्यापुढे केलीत.

"बघ रे एकदा. माझ्या डोळ्यात मोतीबिंदू, मला नीट दिसत नाही."

मी काचेवर थेंब घेतला. दोन्ही डोळे उघडे ठेवले. भिंग बाजूने बघत खाली आणलं, मग वर उचललं. यीस्ट गोल असतं, लंबगोल असतं, मधूनच एखाद्याच्या अंगाला पिल्लू चिकटलेलं असतं. ते तिथे नव्हतं. दांडके होते, अक्का, जिवाणू. एकमेकांना धरून उभ्या राहिलेल्या दांडक्यांच्या रांगा. अर्धवट तापलेल्या पाण्यातून जिवंत राहतात ते. मला त्याच क्षणी दोनची बस आठवली.

"काय दिसतंय?"

"व्हय अक्का," मी म्हणालो. "यीस्टच हाय."

चार शब्द. तुम्ही उठलात आणि रजिस्टर काढलंत. नष्ट झालेल्या बॅचच्या पानावर, 'कारण' लिहिलेल्या रकान्यात, तुमच्या गोल अक्षरात लिहिलंत: माझे हात, आंबवलेले पीठ. खाली सही केलीत. मी शेजारी उभा राहून ती शाई वाळताना पाहिली.

कापलेल्या दहा रोपांची मागे राहिलेली बुडंही जखमेतून त्याच आठवड्यात कुजत गेली. उरली लंगडी.

त्यानंतर तुम्ही बाटल्यांना हात लावला नाहीत. चिमटा, दिवा, सगळं माझ्या हवाली केलंत. म्हणालात, "तुझे हात बरे, तुझ्या घरी भाकरी." बी आलं की तुम्ही पुडी न उघडता तारीख घालून ठेवून द्यायचात. आणि घरी जाऊन पीठ भिजवणंच बंद केलंत. मी वाद जिंकला होतो. लंगडीचा शेंडा मी बाटलीत घेतला, एकाचे चार, चाराचे सोळा. दरवर्षी पेट्या भरून रोपं पहाडात गेली. साहेबांनी कार्यालयात मला शाल दिली, तेव्हा सगळ्यांत जोरात टाळ्या तुम्ही वाजवल्यात. मी शाल कपाटात टाकली. बायकोने विचारलं, वापरत का नाही? मी म्हणालो, टोचते.

सांगायचं म्हणून मी किती वेळा निघालो असेन. तुम्ही निवृत्त झालात त्या दिवशी निघालो. तुमच्या नातीच्या बारशाला निघालो, तर तिथे उपमा होता. पाहुण्यांतल्या एका बाईने विचारलं, "इडली न्हाई केली होय?" तुम्ही माझ्याकडे बघून हसलात, आपलं दोघांचं गुपित असल्यासारखं. मी उपमा खाल्ला आणि आलो.

या पावसाळ्याच्या शेवटी पहाडातल्या काकांचा फोन आला. कुठलीशी बुरशी आली होती आणि वाफेच्या वाफे बसले होते. सगळी एकसारखी होती, ते म्हणाले, सगळी एकसारखीच गेली. शब्द त्यांचे होते, पण मला आवाज तुमचा ऐकू आला.

तेव्हा डॉक्टरांनी तुम्हाला घरी पाठवलं होतं. मी आलो, खाटेजवळ बसलो, बातमी सांगितली. मला वाटलं तुम्ही म्हणाल, बघ, मी सांगत होते. तुम्ही तसं म्हणाला असतात तर कदाचित मी तेवढ्यावरच उठलो असतो. पण तुम्ही चादरीतून हात बाहेर काढलेत, सुकलेले, सुयांनी निळे झालेले, आणि म्हणालात, "या हातांनी घात केला बघ. ती दहा असती तर आज काहीतरी उरलं असतं."

"अक्का, हात न्हवं. पाणी."

"काय?"

"पाणी माझं होतं. वाफ सोडली न्हाय मी. आन् भिंगाखाली यीस्ट न्हवतं. दांडकं होती."

तुम्ही डोळे मिटलेत. मला वाटलं, झोप लागली. मग विचारलंत, "रांगा धरलेली?"

"व्हय."

"आणि मला म्हणालास यीस्ट."

"तुमीच आधी म्हणाला होता. मी नुसतं व्हय म्हणालो."

"नुसतं!"

एवढा आवाज तुमच्या त्या शरीरात शिल्लक होता. रेणुका धावत आली. तुम्ही तिला तेलुगूत काहीतरी बोललात, मला कळलं नाही, पण ती मला पाण्याचा पेला देत होती तो तिने परत नेला. "ऊठ," तुम्ही म्हणालात. "घरी जा. तोंड बघवत नाही तुझं."

मी गेटबाहेर आलो, स्कूटरला किल्ली लावली आणि मला हसू यायला लागलं. वेडं हसू नव्हतं ते, बरं वाटल्याचं होतं. नऊ वर्षं तुम्ही माझ्यावर माया करत होतात आणि ती माझी नव्हती. राग तरी माझा होता. रस्त्यावर थांबून दोन केळी विकत घेतली आणि तिथेच उभ्याने खाल्ली. इतकी भूक मला कित्येक दिवसांत लागली नव्हती.

तिसऱ्या दिवशी रेणुकाचा फोन. "सासूबाई विचारायल्यात, बसू मेला का जिवंत हाय? जिवंत असला तर सकाळी ये म्हणाल्यात. तांदूळ भिजवलेत."

मी आलो तेव्हा तुम्हाला खुर्चीत बसवलं होतं, मांडीवर टॉवेल आणि टॉवेलवर पातेलं. दुसऱ्या दिवसासाठी वाटलेलं पीठ तुम्ही हाताने कालवत होतात. बोटं पिठात खोल गेलेली, सवयीने फिरत होती. रेणुका म्हणाली चमच्याने कालवते, तर तिला म्हणालात, "चमच्याला काय कळतं? हातानं कालवलं की लवकर येतं." मग माझ्याकडे वळलात. "आधी हे चघळ." कुटकीचा धागा. घरात कुठे ठेवला होता कोण जाणे. मी चघळला. आदल्या रात्रीच्या पिठाचा पहिला डोसा त्या कडू तोंडाने खाल्ला, तुमच्या समोर बसून.

"माफ केलं असं समजू नको," तुम्ही म्हणालात. "डोसा वेगळा."

"व्हय अक्का."

"पुन्हा व्हय! नऊ वर्षं माझ्या नातवंडांनी गाड्यावरची इडली खाल्ली. दहा रोपं गेली ती गेली, पण तू मला माझ्या हाताला घाबरायला लावलंस रे."

 तुम्ही हात पिठातून काढून पातेल्याच्या काठाला निपटलात.

"मला सांगून काय उपयोग? मी चालले. रजिस्टरात लिही. तिथे माझं नाव आहे अजून."

"लिहितो."

"आणि बी लाव. सगळ्या पुड्या आहेत, तारखा घातलेल्या. जुन्यांतलं काय उगवेल सांगता येत नाही, पण लाव. एकेक उगवलेलं वेगळं ठेव. त्यातले काही बाटलीत घे, काही मातीतच ठेव." जरा थांबून म्हणालात, "तुझंही थोडं खरं होतं. शेंडे घ्यायची कल्पना चांगली होती."

तेवढंच. आपल्या भांडणात तुम्ही मला दिलेलं ते एकमेव माप. त्यासाठी मी किती वर्षं तरसलो होतो, आणि आलं ते असं, पिठाच्या हाताने.

तरी मी लगेच लिहिलं नाही, हेही सांगून टाकतो. रजिस्टर साहेबांच्या कपाटात असतं. ते मागायचं म्हणजे कशाला ते सांगायचं. आज मागू, सोमवारी मागू. तुम्ही फोन केलात. "लिहिलंस?" मी म्हणालो, उद्या. तुम्ही म्हणालात, "माझ्याकडे उद्या मोजकेच आहेत, जपून वापर." त्यानंतर पाचव्या दिवशी रेणुकाचा फोन आला.

तुमच्या हयातीत ते झालं नाही. त्याला आता इलाज नाही, आणि ते मी कुणावर ढकलत नाही. पण लिहिलं असं खोटं तुम्हाला सांगितलं नाही, एवढं एक माझ्या बाजूने धरा.

आज तुमच्या घरून थेट प्रयोगशाळेत गेलो. तुमच्याकडच्या पुड्या आधीच आणल्या होत्या. ओल्या कागदात बी गुंडाळलं, प्रत्येक सालाची डबी वेगळी, आणि फ्रिजमध्ये ठेवलं. बियांची नवी बॅच लिहायची तर बियांच्याच आधीच्या बॅचचं पान आणि ती का गेली ते वर नोंदवायचं, हा नियम तुमचाच. तेव्हा रजिस्टर मागावंच लागलं. साहेब म्हणाले, "जुनं कशाला हवंय?" मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. दोनच्या बसपासून. ते बराच वेळ पेनाचं टोपण उघडझाप करत बसले. मग म्हणाले, "आता नऊ वर्षांनी काय फरक पडतो, बसू? बाई गेल्या."

"त्यांचं नाव हाय त्यात, साहेब."

त्यांनी किल्ली दिली. शाल परत मागितली नाही. मागितली असती तर घडी न मोडता दिली असती.

पान सापडलं. शाई थोडी तपकिरी झाली आहे. माझे हात, आंबवलेले पीठ. मी पहिल्या वर्षी एकदा चूक लपवायला व्हाइटनर लावला होता, तेव्हा तुम्ही माझ्या हातातून ती बाटली काढून घेतली होतीत. म्हणाला होतात, रजिस्टरात खोडायचं तर एकच रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे. काय चुकलं तेही कुणालातरी कळायला हवं असतं. शेजारी बरोबर काय ते लिहायचं आणि सही करायची.

पट्टी घेतली. तुमच्या ओळीवर एक रेघ मारली. शेजारी लिहिलं: वरील कारण चूक. धुण्याचे पाणी नीट निर्जंतुक झाले नव्हते. झडप लवकर लावली. तपासणीत दांडके दिसले होते, यीस्ट नव्हते, ते मी लपवले. खाली पूर्ण नाव, बसवराज, आणि आजची तारीख.

शाई वाळेपर्यंत पान उघडंच ठेवलं. रेघेखाली तुमचं अक्षर अजून स्वच्छ वाचता येतं, अक्का. आणि आता त्याच्या शेजारी माझंही.